तिथी पाहून बुडी

स्कूबा डायव्हिंगच्या जाहिरातीत नेहमी एक धाडसी माणूस असतो. त्याचं पोट सपाट, दात पांढरेशुभ्र. घरी कुणी वाट बघणारं नसल्यासारखा तो होडीच्या काठावरून पाठमोरा पाण्यात झोकून देतो. ही जाहिरात शुद्ध फसवणूक आहे. डायव्हिंगचे शिक्षक समुद्राला घाबरत नाहीत तेवढे या माणसाला घाबरतात. पाण्याखाली सुखरूप जाऊन सुखरूप वर येणारा माणूस वेगळाच असतो. घराला कुलूप लावल्यावर तो गॅस बंद आहे ना हे बघायला परत वर जातो. गाडीच्या वेळेआधी दीड तास तो फलाटावर हजर असतो. त्याच्या खिशात पोटाच्या गोळ्या असतात आणि ‘कशाला उगाच?’ हे त्याच्या घराण्याचं ब्रीदवाक्य असतं. म्हणजे तुम्ही, मी आणि आपले समस्त नातेवाईक. हा खेळ आपल्यासाठीच निर्माण झाला आहे, फक्त आपल्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

मालवणला हे रोज बघायला मिळतं. तिथल्या समुद्रात प्रवाळ आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप येतं. पण लक्षद्वीपची बेटंच प्रवाळाने बांधलेली आहेत. आपल्याकडे प्रवाळ भाडेकरू आहे, मालक खडक. पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या डोंगरातली माती आणून समुद्रात ओततात, आणि त्या गाळात प्रवाळाला भिंतीच्या भिंती उभारायची उसंत मिळत नाही. मग ते मिळेल त्या खडकावर पथारी पसरतं. त्याच्या शेजारी स्पंज, कालवं, कपारीत शेवंड आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवून असलेला एखादा गोब्रा. अशा या सगळ्या वसाहतीला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. २९ चौरस किलोमीटरांच्या या अभयारण्यात आपण जाऊन आलो, हे तिथून परतणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ‘किल्ल्याजवळ स्कूबा केलं’ एवढंच ते सांगतात.

किल्ला म्हणजे अर्थात सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. जागा निवडण्यात एक मेख होती. बेटाभोवती पाण्याखाली खडक दडलेले आहेत आणि वाट माहीत नसलेलं जहाज तिथे आलं की आपटणार हे ठरलेलं. हे खडक जवळून बघायला लागू नयेत म्हणून शत्रूच्या तांडेलांनी देव पाण्यात ठेवले असतील. आज आपण तेच खडक बघायला पैसे भरतो, उन्हात रांग लावतो आणि ‘व्हिडिओ यातच आला ना?’ हे दोनदा विचारून घेतो.

तर, बुडी मारायची असेल तर पहिली तयारी कशाची? पोहण्याची, असं तुम्ही म्हणाल. चूक. पहिली तयारी कॅलेंडरची. भिंतीवर टांगलेल्या, गॅस कधी लावला आणि दुधाचे खाडे किती हे लिहून ठेवलेल्या कॅलेंडरची. त्यातली तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोरात येतं, जोरात जातं आणि तळाची सगळी वाळू ढवळून काढतं. अशा दिवशी खाली उतरलात तर समोर फक्त ताक दिसतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, समुद्राचा जोर कमी होतो, गाळ खाली बसतो. कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. वेळ थोडी इकडेतिकडे होईल, पण डोंबिवलीच्या लोकलपेक्षा हे वेळापत्रक नक्कीच भरवशाचं आहे.

हा हिशेब नीट मांडला की एक थक्क करणारी गोष्ट लक्षात येते. डायव्हिंगला उत्तम दिवस एकादशी. भांग अजून ओसरलेली नसते. भरती सकाळी सव्वाआठला, म्हणजे बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा नुकताच पडलेला आणि दुपारचा खारा वारा अजून उठलेला नसतो, त्यामुळे पाणी सपाट. पोट उपासामुळे हलकं. शिवाय उपास असल्याने पाण्याखालच्या माशांकडे आपण प्रथमच निर्मळ मनाने बघू शकतो. एरवी मालवणात आलेल्या पाहुण्याला तांबोशी दिसली की तो तिला नजरेनेच रव्यात घोळवायला लागतो.

आमच्या ओळखीतले एक काका ही एकादशीची गोष्ट ऐकून इतके खूष झाले की त्यांनी अख्ख्या गोतावळ्याची सहल पंचांगावरून ठरवली. काका, काकू, त्यांचे मेहुणे म्हणजे सगळ्यांचे भाऊजी, एक वहिनी, वहिनींचे यजमान आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं. तिथी बरोबर, महिना बरोबर. दिवाळीनंतर पाणी निवळतं, म्हणून दिवाळीनंतरचीच तारीख. किनाऱ्यावर सगळे सकाळी सातला हजर. होडीवाला मात्र नांगराच्या दोरीवर बसून समुद्राकडे बघत होता.

“आज नको,” तो म्हणाला. “वारो सुटलो हा.”

काकांनी तिथी सांगितली. त्याने ती आदराने ऐकून घेतली.

“तिथी बरी असा. पण खाली काय दिसाचा नाय.”

“मग उद्या?”

“उद्याचा उद्या बघूया.”

भाऊजी खवळले. पुण्याहून आलोय, हॉटेलचं बुकिंग आहे, परवा ऑफिस आहे. भाऊजींनी हे सगळं त्याला समजावून सांगितलं, जणू तोच ते समुद्राच्या कानावर घालणार होता. तो ऐकून घेत होता आणि दोरी गुंडाळत होता. माझं मत विचाराल तर डायव्हिंगच्या सगळ्या तयारीत सर्वांत महत्त्वाचं सामान म्हणजे ‘नको’ म्हणणारा होडीवाला. तो महाग पडतो, कारण हॉटेलचा एक दिवस वाढतो. पण ‘चला, काय होतंय!’ म्हणणारा त्याहून कितीतरी महाग पडू शकतो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि मग कागद आले. डायव्हिंगच्या आधी प्रकृतीविषयीचा अर्ज भरावा लागतो. त्यात दमा, हृदयविकार, रक्तदाब, फिट्स, कानाची ऑपरेशनं असे प्रश्न असतात आणि उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. इथे मराठी माणूस अडतो. शिक्षक पोरगा मालवणचाच, विशीतला, उन्हाने रापलेला.

“काका, बीपी आहे?”

“थोडं.”

“म्हणजे हो?”

“नाही, तसं काही नाही. गोळी चालू आहे.”

“म्हणजे हो.”

“अरे बाळा, गोळी घेतली की नसतं.”

पोरग्याने पेन खाली ठेवलं. शेवटी काकांना त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन करावा लागला, आणि डॉक्टरांनी लेखी संमती पाठवेपर्यंत काका किनाऱ्यावर शहाळं पीत बसले. वहिनींना सर्दी होती. सर्दी असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही, म्हणून त्यांना पोरग्याने तिथल्या तिथे बाद केलं. वहिनींच्या चेहऱ्यावर एवढा आनंद लग्नानंतर प्रथमच दिसला, असं त्यांच्या यजमानांनी नंतर सांगितलं.

इथे एक खुलासा करायला हवा. मालवणात पर्यटक करतात ती चव घेण्यापुरती बुडी. शिक्षक तुम्हाला धरून नेतो, पोहता येण्याची अट नसते, उथळ पाण्यात काही मिनिटं फिरवून तो परत आणतो. खरा अभ्यासक्रम केला तर आधी २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, मग लेखी परीक्षा आणि मग १८ मीटर खोलपर्यंत जायचा परवाना. लेखी परीक्षा हा शब्द ऐकताच आपल्याकडचे पालक या खेळाकडे आदराने बघू लागतील, याची मला खात्री आहे.

त्या परीक्षेतलं गणित सुंदर आहे. पाठीवर असतो त्याला लोक ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण त्यात साधी हवा असते, दाबून भरलेली. काकूंना हे कळल्यावर त्यांनी लगेच “म्हणजे इथलीच हवा आपल्याला विकतात?” असं विचारलं, आणि या प्रश्नाला आजवर कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. सिलिंडरात साधारण २२०० लिटर हवा मावते. त्यातला पाव वाटा वर येण्यासाठी राखून ठेवायचा, म्हणजे खर्चायला उरली साडेसोळाशे. निवांत माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा खातो असं धरू. पण समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर दुप्पट हवा लागते, २० मीटरवर तिप्पट. म्हणजे १० मीटरवर ४१ मिनिटं, २० मीटरवर २७. हा झाला निवांत माणसाचा हिशेब. भाऊजी निवांत नाहीत. किनाऱ्यावर ते सगळ्यांना स्कूबा समजावून सांगत होते तेव्हाच मिनिटाला ४० लिटर खात असावेत. पाण्याखाली बढाई मारता येत नाही ही निसर्गाची सोय आहे. अन्यथा अर्धे लोक सिलिंडर उतरण्याआधीच संपवतील.

आता काकांचा योगवर्ग. संमती आली, काका जाकीट घालून तयार झाले आणि अभिमानाने म्हणाले, “श्वासाची तू काळजी करू नकोस. माझा कुंभक दीड मिनिटाचा आहे.”

पोरगा पांढरा पडला. उन्हाने रापलेला माणूस पांढरा पडतो हे मी तेव्हाच बघितलं.

कारण पाण्याखाली सगळं चालतं, फक्त कुंभक चालत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली, म्हणजे सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या दोनच वर्षं आधी, एक नियम मांडला: दाब निम्मा झाला की हवेचं आकारमान दुप्पट होतं. १० मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तो कोंडून वर आलात, तर छातीतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं ती देऊ शकत नाहीत. एक-दोन मीटरांच्या फरकानेही इजा होऊ शकते. म्हणून पहिला, दुसरा आणि तिसरा नियम एकच: श्वास घेत राहा, सोडत राहा, थांबवू नका. काकांना हे तीनदा सांगितलं गेलं. चौथ्यांदा त्यांच्याकडून म्हणवून घेतलं गेलं. पूरक, रेचक, पूरक, रेचक. कुंभक पुण्याला गेल्यावर.

सावकाश वर येण्याचं शास्त्रही असंच जुनं आहे. खोलवर दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. स्कॉटलंडच्या जॉन हाल्डेनने १९०८ साली यावर पहिली कोष्टकं प्रसिद्ध केली आणि त्यासाठी प्रयोग केले ते शेळ्यांवर. शेळीला दाबाच्या खोलीत ठेवायचं, बाहेर काढायचं आणि ती पुढचा पाय उचलून धरते का ते बघायचं. पाय उचलला म्हणजे सांधा दुखतोय, म्हणजे वेळापत्रक चुकलं. आज मनगटावरचा डायव्ह-कॉम्प्युटर हे सगळं आकड्यांत दाखवतो. पण मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, हे सांगणाऱ्या शिस्तीच्या मुळाशी लंगडणाऱ्या शेळ्या आहेत.

उरली सामानाची झडती. पोट जितकं मोठं तितका माणूस तरंगतो, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं असं सांगतात. भाऊजींच्या कमरेला तसंच ओतावं लागेल की काय, असं क्षणभर वाटलं. मग मास्क. काच धुरकट होऊ नये म्हणून तिच्यावर आतून थुंकायचं, बोटाने चोळायचं आणि समुद्रात बुडवून काढायचं. काकूंनी मास्क हातात धरला, काचेकडे बघितलं, पोरग्याकडे बघितलं.

“थुंकायचं?”

“हो काकू.”

“यात आधी कोण थुंकलं होतं?”

पोरगा काही बोलला नाही. काकूंनी पिशवीतून साबण काढला, मास्क दोनदा घासला, खळखळून धुतला, आणि मग इकडेतिकडे बघून पदराआड, म्हणजे टॉवेलाआड, हळूच थुंकल्या. जगभरचे डायव्हर हे राजरोस करतात.

मग हातवाऱ्यांची भाषा. इथे घोटाळ्याला वाव आहे. आपल्याकडे हाताचा पंजा आडवा धरून हलवला की ‘ठीकठाक, चाललंय’ असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘काहीतरी बिघडलंय’. आणि उभा अंगठा, जो आपण सकाळपासून रात्रीपर्यंत कौटुंबिक ग्रुपवर उधळत असतो, त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. भाऊजी पाण्यात उतरले, खडकावर आडवी पसरलेली पोवळी बघितली, त्यांच्याभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे भिरभिरत होते. भाऊजींनी मनापासून अंगठा दाखवला. पोरग्याने त्यांना वर आणलं. पुन्हा खाली नेलं. एक केंड फुगत बाजूने गेला. भाऊजींचा अंगठा. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी पोरग्याने त्यांचा अंगठा मुठीत धरूनच ठेवला.

काका-काकूंची जोडी मात्र आदर्श निघाली. डायव्हिंगमध्ये दोघांनी जोडीने उतरायचं आणि एकमेकांचं सामान तपासायचं असा दंडक आहे: जाकिटात हवा, वजनं घट्ट, बकलं, सिलिंडरची झडप उघडी, तोंडातून श्वास. चाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव असलेल्या बाईला नवऱ्याच्या कपड्यांची बकलं तपासायला शिकवावं लागत नाही. काकूंनी काकांना असं तपासलं की विमानतळावरचे जवान लाजले असते. पाण्याखाली काका जरा लांब गेले की काकू त्यांचा फिन धरून मागे ओढत.

वर आल्यावर चर्चा झाली ती माशांच्या आकाराची. प्रत्येकाने बघितलेला मासा हा एवढा. इथे कुणाला खोटं ठरवता येत नाही, कारण मास्कच्या काचेतून पाण्यातल्या वस्तू खरोखरच एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. गळ टाकणाऱ्या लोकांना ही सवलत नाही. रंगांचं मात्र उलट. पाण्यात आधी तांबडा रंग जातो, त्यामुळे काकांच्या बोटातलं मंगळासाठी घातलेलं पोवळं खाली मळकट तपकिरी दिसलं. मंगळाचं काय झालं असेल, हे ज्योतिषाला विचारावं लागेल. खडकावरची जिवंत दगडी पोवळी मात्र २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसलेली आहेत. त्यांच्यावर फिन टेकवून उभं राहणं हे वाघाच्या पाठीवर उभं राहण्यासारखंच बेकायदा आणि कितीतरी जास्त सोपं आहे.

तरीही लोक उभे राहतात. तरीही व्हिडिओत मासे दाट दिसावेत म्हणून पाण्याखाली पावाचे तुकडे सोडले जातात. मासे पावाभोवती जमतात, पाहुणा हात पसरतो, मागे कुणीतरी गाणं जोडतं आणि व्हिडिओ तयार. पाव खाणारा मासा खडकावरचं शेवाळ खात नाही आणि शेवाळ वाढलं की पोवळी गुदमरतात, एवढी साधी गोष्ट आहे. होडीवाल्यांना ती माहीत असते. पण गिऱ्हाईक मासे मागतं.

शेवटचा मुद्दा घाटाचा, आणि तो मालवणच्या सहलीत सगळ्यांत जास्त विसरला जातो. बुडी मारल्यावर लगेच विमानात बसू नये, निदान १२ ते १८ तास जाऊ द्यावेत, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण कोकणातून देशावर यायचं म्हणजे सह्याद्री चढायचा. आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंच. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे शरीराच्या दृष्टीने विमानाचंच धाकटं भावंड. पर्यटकांच्या उथळ बुडीला फारसं काही होत नाही. पण ज्यांनी परवाना काढून खोलवर दोन-तीन बुड्या मारल्या आहेत त्यांनी तो दिवस मालवणातच काढावा. जेवण बरं मिळतं.

तेव्हा येत्या हिवाळ्यात जाणार असाल तर तारीख दशमी-एकादशीची धरा आणि पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. सर्दी असेल तर लपवू नका, बीपी ‘थोडं’ सांगू नका. होडीवाला ‘नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, शहाळं प्या. उतरण्याआधीच शिक्षकाला सांगून ठेवा की मासे कमी दिसले तरी चालतील, पण आमच्या पैशात पाव नको.